तारेमागचा कोक

सिल्वासात कोकची भट्टी शोधायला गेलात तर हात हलवत परत याल. दमणगंगेकाठी करसवलतींच्या काळात उभे राहिले ते प्लास्टिकचे, पॉलिएस्टर धाग्याचे, तांब्याचे कारखाने. पण विजेची साधी वायर सोलून पाहावी. आत तांबे, वर पीव्हीसी. आणि दोन्हींच्या मागे कुठे ना कुठे कोक.

दगडी कोळसा हवाबंद भट्टीत हजारेक अंश सेल्सिअसला तापवला, की वायू, डांबर, अमोनिया, बेंझीन निघून जाते आणि कडक, सच्छिद्र कोक उरतो. १७०९ साली अब्राहम डार्बीने इंग्लंडात त्यावर लोखंड गाळले. आपण त्याला इंधन म्हणतो खरे, पण रसायनशास्त्राला त्याची ओढ आहे ती धातूला चिकटलेला ऑक्सिजन तो हिसकावून घेतो म्हणून. गोव्यात आमोण्याला कच्च्या लोखंडासाठी कोक बनतो. तिथल्या भट्ट्यांत बाहेर पडणारा वायू जाळून त्या उष्णतेवर वीज काढतात. हिशेबाला ते चोख. बेंझीन, डांबर मात्र जळून जाते, याची रसायनवाल्याला हळहळ वाटणारच.

तांब्याची गोष्ट वेगळी. त्याची बहुतेक खनिजे गंधकयुक्त. ऑक्सिजन दिला की गंधकच जळतो आणि धातू सुटतो. वेदान्ता कंपनीच्या सिल्वासातील शुद्धीकरण कारखान्याला तांब्याचे अॅनोड तुतुकुडीहून येत. मे २०१८मध्ये तिथल्या भट्टीविरुद्धच्या आंदोलकांवर गोळीबार झाला, तेरा जणांचा जीव गेला आणि तमिळनाडू सरकारने ती बंद केली. मग कोक कुठे आला? तारेसाठी ऑक्सिजनमुक्त तांबे वितळलेल्या रसातून वर ओढण्याची जी पद्धत आहे, तिच्यातला साचा ग्रॅफाइटचा असतो. हे ग्रॅफाइट साधारणपणे तेलशुद्धीकरणातल्या पेट्रोलियम कोकपासून करतात. त्यात डांबर मिसळून भाजतात आणि मग विजेने अडीच हजार अंशांच्याही वर तापवतात.

पीव्हीसीचा धागा अधिक सरळ. १८९२मध्ये अमेरिकेत थॉमस विल्सन कॅल्शियम धातू मिळवायला निघाला होता. चुना आणि कार्बन विजेच्या भट्टीत तापवल्यावर त्याच्या हाती आले कॅल्शियम कार्बाइड. आज हा कार्बन म्हणजे सहसा कोकच. त्यावर पाणी पडले की अॅसिटिलीन, त्याला हायड्रोजन क्लोराइड जोडला की व्हिनाइल क्लोराइड, आणि त्याच्या साखळ्या म्हणजे पीव्हीसी. रत्नागिरीजवळ रनपारला फिनोलेक्सचे पीव्हीसी पेट्रोलियमच्या वाटेने येते. राजस्थानात कोट्याला डीसीएम श्रीरामने मात्र कार्बाइडची वाट धरली. चीनमध्येही बरेचसे पीव्हीसी असेच होते. त्यात पाऱ्याचे संयुग उत्प्रेरक म्हणून वापरले जाते, ही या वाटेची मोठी अडचण.

कार्बाइड मराठी माणसाला ठाऊक आहे ते आंब्यामुळे. त्यावर फळे पिकवायला कायद्याने बंदी आहे. चुना आणि कोक यांत फॉस्फरसचा अंश असतो. तो भट्टीतून कार्बाइडमध्ये उतरतो आणि ओलावा लागताच विषारी फॉस्फीन होऊन बाहेर पडतो. आर्सेनिकचेही तसेच. म्हणजे आढीतल्या कार्बाइडच्या उग्र वासाची सुरुवात कुठल्यातरी कोळशाच्या थरात झालेली असते!

सिल्वासातल्या शेड उभारताना, यंत्रे दुरुस्त करताना लोखंड कापायला जो अॅसिटिलीनचा सिलिंडर लागतो, तोही आपल्याकडे सहसा कार्बाइडपासूनच भरला जातो. नुसता दाबून भरला तर हा वायू फुटतो. म्हणून सिलिंडरात सच्छिद्र भराव घालून, त्यात अॅसिटोन जिरवून, त्यात तो विरघळवतात. सिलिंडर आडवा ठेवून वापरू नये, असे फिटर सांगतो ते त्या अॅसिटोनपायी.