मातीचें अत्तर

पहिल्या पावसाचा मातीचा वास शेतकऱ्यास फुकट मिळतो. पण उत्तर प्रदेशांत कनोज येथें तो कुपींत भरून विकतात. भाजलेली माती पाण्यासह तांब्याच्या डेगेंत तापवून तिची वाफ बांबूच्या नळीनें ‘भपका’ नांवाच्या भांड्यांतील चंदनतेलांत उतरवितात. हें अत्तर मनगटास लावतांच ओल्या ढेकळाचा वास येतो. तो हलका, लौकर उडतो. चंदनतेल जड असल्यानें अंगाच्या उबेनें सावकाश वर येतें व पुष्कळ वेळ टिकतें. चंदन महागल्यामुळें अलीकडे अनेक कारखानदार त्याऐवजीं पॅराफिन तेल घालतात. सबब दुकानांतील पहिल्या वासावर भाळून पैसे मोजूं नयेत. घटका-दोन घटका थांबून मनगट पुन्हां हुंगावें. पॅराफिनाच्या मालांत मातीचा वास गेल्यावर मागें बहुधा चंदन उरत नाहीं.