दोरी, ओळंबा आणि मोटारीची चाके

गोदावरीचा पूल ओलांडला की बीड जिल्हा. अलीकडे जालन्यातले आमचे शहागड. इथे माझ्या भाच्याने एक जुनी मारुती 800 घेतली, ती ऑटोक्रॉससाठी. मैदानात आखलेल्या वळणावळणाच्या वाटेवर एका वेळी एकच गाडी सोडायची आणि वेळ मोजायची, असा हा हौशी शर्यतीचा प्रकार.

गाडी डावीकडे चटकन वळे, उजवीकडे रेंगाळे. सरळ रस्त्यावरही स्टिअरिंग उजवीकडे तिरके धरावे लागे. एका दुकानातून संगणकावर अलाइनमेंट करून आणली. पुढच्या चाकांचे आकडे बिनचूक आल्याचा कागद मिळाला, खोड मात्र तशीच. ‘‘मामा, आता काय?’’ म्हणाला. मी गवंड्याची दोरी आणि ओळंबा काढला.

चाकाच्या ठेवणीत तीन कोन महत्त्वाचे: कॅम्बर, कॅस्टर आणि टो. पहिला म्हणजे चाकाचा आत-बाहेर कल, दुसरा म्हणजे चाक ज्या अक्षाभोवती वळते त्याचा पुढे-मागे कल. घरी सहज बदलता येतो तो तिसरा. वरून पाहिले असता चाकांची तोंडे आत वळली असतील तर टो-इन, बाहेर वळली असतील तर टो-आउट. (बैलगाडीला ही विवंचना नाही, तिथे वळायचे काम बैलांचे. वळणात पुढच्या दोन चाकांनी वेगवेगळा कोन घ्यावा ही युक्ती म्युनिकच्या लँकेनस्पर्गर या बग्गी बांधणाऱ्याची. 1818 मध्ये लंडनला पेटंट काढले ते त्याच्या वतीने अकरमनने, आणि नाव अकरमनचेच राहिले.)

आधी फरशी पाण्याच्या नळीने सपाट आहे का पाहिली, हवा सारखी भरली, चालकाच्या जागी त्याच्या वजनाचे पोते ठेवले. जॅकवरून उतरवलेली गाडी तशीच मोजू नये. चाके आखडलेली असतात, थोडी पुढे-मागे ढकलली की बसतात. मग दोन्ही बाजूंना चाकाच्या मध्याच्या उंचीवर दोऱ्या ताणल्या. पुढच्या दोन्ही चाकांच्या मध्यापासून दोरीचे अंतर एकसारखे हवे, मागच्या दोन्हींचेही तसेच. पुढचे आणि मागचे अंतर मात्र एकमेकांशी जुळेलच असे नाही. त्यानंतर प्रत्येक रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेपासून दोरीपर्यंत मोजायचे. रिम वाकडी असेल तर माप फसवते, म्हणून चाक अर्धा फेरा फिरवून पुन्हा मोजायचे आणि सरासरी घ्यायची. 12 इंची रिमवर 1 मिलिमीटरचा फरक म्हणजे साधारण 11 कला, अंशाचा पाचवा हिस्साही नाही. टायरला मात्र तो कळतो.

पुढची चाके खरोखरच ठीक होती. मागच्या डाव्या चाकाची पुढची कड मागच्या कडेपेक्षा दोरीपासून 2 मिलिमीटर दूर होती, उजव्याची 2 मिलिमीटर जवळ. म्हणजे दोन्ही चाके उजवीकडे बघत होती. चारही चाकांच्या मध्यातून ओळंबे सोडून जमिनीवर खुणा केल्या, तर डावीकडे पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर उजवीपेक्षा सुमारे 8 मिलिमीटरने कमी भरले. मागचा अखंड एक्सलच तिरपा बसला होता. गाडीचा मागचा भाग सतत उजवीकडे जाऊ पाहत होता आणि तोंड डावीकडे फिरवत होता. उजव्या बाजूला एक्सल धरणाऱ्या दांड्याचे रबरी बुश झिजलेले निघाले. ते बदलले, दोरीवर मापे जुळली, स्टिअरिंग सरळ झाले.

मला विचाराल तर मोजमाप मागच्या एक्सलपासून सुरू करावे. गाडीची दिशा तो ठरवतो, आणि तोच तिरपा असेल तर पुढचे बिनचूक आकडे निरुपयोगी.

मग शर्यतीसाठी पुढे एकूण 2 मिलिमीटर टो-आउट दिला. त्याने गाडी वळणात लवकर शिरते, पण हमरस्त्यावर वेगात तीच भिरभिरते, आणि आम्हाला सोलापूर–धुळे महामार्गावरूनच घरी यायचे असते. म्हणून दोन्ही टाय रॉडवर पांढऱ्या रंगाची खूण केली आहे. शर्यत संपली की भाचा मैदानातच आडवा होतो, दोन्ही बाजू सारख्या फिरवून खूण जुळवतो आणि लॉक नट आवळतो. नट मी स्वतः पाना लावून पाहिल्याशिवाय किल्ली त्याच्या हाती देत नाही.