रेंज नसतानाही नोंद पक्की

पाउचडीबी ही जावास्क्रिप्टमधली मोफत, मुक्तस्रोत लायब्ररी. नोंद आधी ब्राउझरच्या इंडेक्स्डडीबी या साठ्यात ठेवायची आणि रेंज आली की सर्व्हरवरच्या काउचडीबी या डेटाबेसशी मेळ घालायचा, हे तिचं काम. केनिया, नेपाळमधले आरोग्य कार्यकर्ते वापरतात त्या कम्युनिटी हेल्थ टूलकिटच्या पोटात हीच जोडी आहे.

खरी गंमत भांडणात. एकच नोंद दोन फोनवर ऑफलाइन बदलली, तर दोन्ही आवृत्त्या सर्व्हरवर पोचतात. प्रत्येकीवर ‘३-’ असा बदलांचा क्रमांक आणि पुढे लांबलचक अक्षरमाला. बदलांचा इतिहास जिचा लांब, ती जिंकते. बरोबरी झाली तर अक्षरमालांची तुलना. घड्याळाला कुणी विचारत नाही (फोनची घड्याळं चुकतातच), त्यामुळे प्रत्येक यंत्र स्वतंत्रपणे तोच निकाल देतं. हरलेली आवृत्ती लगेच पुसली जात नाही, पण आपणहून समोरही येत नाही. ती मागवून घ्यावी लागते. त्यासाठीचा कोड लिहायचा राहिला, की डेटा ‘गायब’ झाल्याची ओरड ठरलेली.

सफारीत आणखी एक मेख: ब्राउझर वापरात असूनही त्या साइटला ७ दिवस हात लावला नाही, तर फोनवरचा साठा पुसला जाऊ शकतो. होम स्क्रीनवर बसवलेल्या वेब ॲपला यातून सूट आहे.