विश्लेषण : ड्रमरच्या कानातली ‘टिक-टिक’ लाइव्ह बँडला कशासाठी लागते?

मोठ्या कॉन्सर्टचा व्हिडीओ पाहताना गायकावरची नजर काढून मागे बसलेल्या ड्रमरकडे नेली, तर त्याच्या कानात बहुतेक वेळा इअरफोन दिसतात. त्यातून त्याला गाण्याबरोबरच एक कोरडी ‘टिक-टिक’ ऐकू येत असते. हा क्लिक ट्रॅक. प्रेक्षकांच्या कानावर तो कधीच पडू नये, याची काळजी ध्वनितंत्रज्ञ घेत असतो. ‘ज्याचा ताल कच्चा त्याला क्लिक लागतो’, असा समज वादकांमध्येही आढळतो. प्रत्यक्षात क्लिक लागतो तो रंगमंचावरच्या काही अशा ‘वादकां’मुळे, ज्यांना ऐकूच येत नाही.

न ऐकणारे वादक कोणते?

गिटार, बेस, की-बोर्ड आणि ड्रम एवढाच बँड असेल तर क्लिकची गरज नसते. कोरस आला की ड्रमर थोडा चढतो, बेसवाला ते ऐकतो आणि त्याच्यासोबत चढतो. सगळे मिळून चढल्यामुळे श्रोत्याला ते खटकत नाही, उलट गाणे रंगल्यासारखे वाटते. रोलिंग स्टोन्सचे १९६९चे ‘हॉन्की टाँक विमेन’ हे गाजलेले गाणे सुरुवातीपेक्षा शेवटी स्पष्टपणे जलद झालेले आहे. त्यामुळे त्याचे काही बिघडले नाही.

आता याच बँडमध्ये लॅपटॉप आणा. रेकॉर्डिंगमधले व्हायोलिनचे थर, कोरसचे जास्तीचे आवाज, सिंथेसायझरचे तुकडे असे बरेच काही त्यावरून वाजते. याला बॅकिंग ट्रॅक म्हणतात. लॅपटॉप मिनिटाला १२० ठोक्यांनी चालला आहे आणि ड्रमर नकळत १२२ वर गेला, असे धरू. हा फरक एकट्याने ऐकून ओळखणे सामान्य श्रोत्याला कठीण आहे. मात्र अर्ध्या मिनिटात बँड लॅपटॉपच्या एक पूर्ण ठोका पुढे जातो. चार मिनिटांच्या गाण्यात हे अंतर जवळपास चार सेकंदांवर पोहोचते. म्हणजे गायकाचे गाणे संपलेले असते आणि मागची व्हायोलिने अजून शेवटच्या ओळीवर असतात.

दिव्यांचे आणि एलईडी पडद्यांचेही तेच. त्यांचे प्रसंग टाइमकोडवर, म्हणजे सेकंद आणि फ्रेम मोजणाऱ्या संकेतावर, आधीच बांधलेले असतात. ठरलेल्या क्षणी पडद्यावर चित्र बदलणार म्हणजे बदलणार. ढोल त्या क्षणी पडला की नाही, हे पडद्याला कळत नाही. यंत्र माणसामागे येऊ शकत नसेल, तर माणसाला यंत्रामागे जावे लागते. क्लिक म्हणजे त्यासाठी हातात दिलेला दोर.

ही कल्पना आली कुठून?

रंगमंचावरून नव्हे, सिनेमातून. बोलपटाची फिल्म सेकंदाला २४ फ्रेम या ठरलेल्या वेगाने धावते. फिल्मच्या ध्वनिपट्टीवर ठरावीक अंतराने छिद्रे पाडली की प्रत्येक छिद्राला ‘टक’ असा आवाज येतो. दर १२ फ्रेमला एक छिद्र म्हणजे मिनिटाला बरोबर १२० ठोके. अमेरिकेतल्या कार्टूनपट बनवणाऱ्यांनी पावलांचे, आपटण्याचे आणि उडीचे आवाज संगीताशी जुळवण्यासाठी हे तंत्र वापरले. वाद्यवृंद हेडफोनमध्ये ती टकटक ऐकत वाजवू लागला. ‘क्लिक’ हा शब्द तिथलाच.

रॉक संगीताच्या रंगमंचावर ही अडचण ठळकपणे आणली ब्रिटनच्या ‘द हू’ या बँडने. १९७१च्या ‘हूज नेक्स्ट’ या अल्बममधल्या ‘वोन्ट गेट फूल्ड अगेन’मध्ये सिंथेसायझरचा धडधडणारा भाग आहे. तो प्रत्यक्ष वाजवणे शक्य नसल्याने कार्यक्रमात टेपवर लावला जाई. बेभान वाजवण्यासाठी प्रसिद्ध असलेला कीथ मून हा ड्रमर त्यासाठी हेडफोन लावून बसे. ‘द किड्स आर ऑलराइट’ या १९७९च्या माहितीपटात ते हेडफोन डोक्याला चिकटपट्टीने गुंडाळलेले दिसतात. बेभान माणसालाही टेपपुढे शिस्तीत राहावे लागले. नोव्हेंबर १९७३ मध्ये न्यूकॅसल इथल्या कार्यक्रमात टेप वेळेवर लागली नाही, तेव्हा गिटारवादक पीट टाउनशेंड भर कार्यक्रमात ध्वनितंत्रज्ञावर तुटून पडला आणि त्याने टेपची सामग्री ओरबाडून काढली. कार्यक्रम काही काळ थांबला.

आवाज कुठून कुठे जातो?

सर्वांत स्वस्त मांडणीत स्टिरिओ फाइलच्या डाव्या बाजूला क्लिक आणि उजव्या बाजूला बॅकिंग ट्रॅक ठेवतात. डावी वायर ड्रमरच्या हेडफोनला, उजवी मिक्सरला. छोट्या बँडचे काम एका मोबाइलवरही भागते. तोटा असा की बॅकिंग ट्रॅक मोनो होतो. शिवाय वायर उलटी लागली की टिक-टिक थेट सभागृहात जाते.

मोठे बँड चार किंवा अधिक आउटपुट असलेला ऑडिओ इंटरफेस वापरतात : दोन ट्रॅकसाठी, एक क्लिकसाठी आणि एक ‘क्यू’साठी. क्यू म्हणजे ‘आता कोरस… दोन, तीन, चार’ असे आधीच रेकॉर्ड केलेले बोल. स्टेजवरच्या साध्या स्पीकरऐवजी कानातले इअरफोन का, याचे एक कारण पदार्थविज्ञानाचे आहे. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. दहा मीटर दूरच्या स्पीकरमधून येणारा ठोका सुमारे २९ मिलिसेकंद उशिरा कानावर पडतो. मिनिटाला १२० ठोक्यांच्या गाण्यात ठोक्याचा चौथा भाग १२५ मिलिसेकंदांचा असतो, त्यामुळे हा उशीर वादकाला जाणवतो. दुसरे कारण साधे आहे : स्पीकरमधला क्लिक माइक पकडतो आणि शांत जागी तो सगळ्यांना ऐकू येतो.

ड्रमच्या गदारोळात ऐकू यावा म्हणून क्लिकसाठी लाकडी ठोकळ्यासारखा किंवा काउबेलसारखा टोकदार आवाज निवडतात, आणि मग तो वाढवत नेतात. इथे कानाचा प्रश्न येतो. अमेरिकेतल्या ‘नायोश’ या व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या निकषानुसार ८५ डेसिबल आवाज दिवसाला आठ तास चालतो. दर तीन डेसिबलला ही वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटे उरतात, म्हणजे तीन-चार गाणी.

क्लिकवर वाजवणे सोपे की अवघड?

अवघड. ठोका बरोबर पडला की स्नेअरच्या आवाजाखाली क्लिक झाकला जातो आणि ऐकूच येत नाही. ऐकू येतो तो चुकल्यावर. नवखा वादक मग प्रत्येक ठोक्याला दुरुस्ती करत राहतो आणि वाजवणे ताठर होते. मेट्रोनोमबरोबर टिचकी मारायला सांगितले तर माणसे साधारणपणे ठोक्याच्या किंचित आधी मारतात, हे मानसशास्त्राच्या प्रयोगांत वारंवार दिसले आहे. मुरलेला ड्रमर क्लिकला एका जागी ठेवतो आणि स्वतः केसभर मागे किंवा पुढे राहून गाण्याला सैलपणा किंवा जोर देतो. मुळात क्लिक एकसुरी असलाच पाहिजे असेही नाही. कोरसला दोन ठोके जलद, शेवटी संथ असा ‘टेम्पो मॅप’ आधी बनवता येतो. अर्थात तो चढउतारही काल ठरलेला असतो, आजच्या श्रोत्यांकडे पाहून नव्हे.

आपल्या संगीताचे काय?

एकल तबलावादनात हार्मोनियम किंवा सारंगीवर तीच धून फिरत राहते, तो लेहरा. तबलजी कितीही दूर गेला तरी समेवर कुठे यायचे ते लेहरा सांगतो. काम क्लिकचेच, फक्त लेहरा वाजवणारा माणूस ऐकत असतो आणि लय वाढवायची खूण झाली की वाढवतो. रियाझासाठी लेहऱ्याची यंत्रे आणि ॲप आली आहेत, त्यात मात्र खुणेची सोय नाही. लावणीत तर ढोलकीवाल्याची नजर नाचणारीच्या पायांवर असते. तिने घेतलेला थांबा आणि त्यानंतरचा तोडा आधी ग्रिडवर मांडला, तर त्यातली चढाओढच संपेल. संगीत नाटकांत प्रेक्षक ‘वन्स मोअर’ मागत आणि पद पुन्हा, वेगळ्या हरकतींनी येई. क्लिकवरच्या गाण्यात वन्स मोअर म्हणजे फाइल पुन्हा पहिल्यापासून लावणे.

म्हणूनच अनेक बँड सगळा कार्यक्रम क्लिकवर बांधत नाहीत. ट्रॅक असलेली गाणी क्लिकवर, बाकीची मोकळी. काही जण एकाच गाण्यात मधला भाग मोकळा ठेवतात : ट्रॅक थांबतो, सोलो हवा तेवढा चालतो आणि ड्रमरने पॅड दाबले की पुढचा भाग लागतो. निर्मितीच्या दृष्टीने हे महाग पडते, कारण दिवेही तसेच तुकड्यांत बांधावे लागतात. ऐकणाऱ्याला मात्र फरक कळतो.

मध्येच लॅपटॉप बंद पडला तर?

मोठ्या दौऱ्यांवर दोन लॅपटॉप एकाच वेळी तेच गाणे वाजवत असतात. पहिल्यातून सतत एक संकेत-स्वर जात असतो. तो थांबला की स्विचर क्षणात दुसऱ्यावर जातो आणि प्रेक्षकांना कळतही नाही. वायफाय बंद, सॉफ्टवेअर अपडेट बंद, नोटिफिकेशन बंद, हे नियम ठरलेले. ज्यांना दोन लॅपटॉप परवडत नाहीत, ते तालमीत एक वेगळा सराव करतात : गाणे चालू असताना कोणीतरी न सांगता लॅपटॉप बंद करतो. ट्रॅक गेला तर की-बोर्डवाल्याने कोणते सूर उचलायचे, हे तेव्हाच ठरते. आणि क्लिक सुरू आहे पण बँड त्याच्यापासून सुटला आहे, अशी वेळ आली तर परत जुळवून घेण्याच्या फंदात पडत नाहीत. ड्रमर पायाजवळचे बटण दाबून ट्रॅक मारतो, इअरफोन बाजूला करतो आणि चौघे एकमेकांकडे पाहत उरलेले गाणे संपवतात.