तेहतीस पडले, सत्तावीस निवडून आले

वडाळे तलावाच्या काठी सकाळी फिरावयास येणाऱ्या आम्हां पनवेलकरांत राजकारणाचा कज्जा चहाइतकाच नित्याचा आहे, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु महाराष्ट्रातल्या 10 जून 2022 च्या राज्यसभा निवडणुकीचा विषय निघाला, की कोणी ना कोणी गृहस्थ, पहिल्या पसंतीची 33 मते मिळालेले संजय पवार पराभूत आणि 27 मिळालेले धनंजय महाडिक विजयी, हा कोणता न्याय, असे विचारून जी सूचक मान हलवितात, ती पाहून माझा संयम सुटतो.

गृहस्थांची चूक इतकीच, की ग्रामपंचायतीच्या मतमोजणीचा शिरस्ता ते राज्यसभेला लावू पाहतात. संविधानाच्या अनुच्छेद 80 प्रमाणे ही निवडणूक प्रमाणशीर प्रतिनिधित्वाने, एकल संक्रमणीय मताने होते. म्हणजे आमदार मतपत्रिकेवर 1, 2, 3 असे पसंतीक्रम लिहितो, आणि त्याचे मत पहिल्या उमेदवाराच्या गरजेहून अधिक ठरले तर ते वाया न जाता पुढच्याकडे सरकते. आपल्या रायगडात भाताची पायली शिगोशीग भरल्यावर वरचे शीग उतरवून पुढच्या मापात घालतात, तेच येथे.

आता हिशेब. जागा 6, उमेदवार 7. विधानसभेच्या 288 जागांपैकी एक रिक्त होती, दोन सदस्यांना न्यायालयाने मतदानाची मुभा नाकारली, आणि आमदार सुहास कांदे यांचे मत निवडणूक आयोगाने अवैध ठरविले; वैध मते उरली 284. प्रत्येक मताचे मूल्य 100, म्हणून एकूण 28,400. त्याला जागांहून एकाने अधिक अशा 7 ने भागून, अपूर्णांक सोडून, 1 मिळविला, की विजयाचा कोटा 4058 येतो. पीयूष गोयल व अनिल बोंडे यांना प्रत्येकी 48 मते, म्हणजे प्रत्येकी 742 चे आधिक्य, दोघांचे मिळून 1484; त्यांच्याच पक्षाच्या महाडिकांना कोट्यासाठी हवे होते 1358. दुसऱ्या बाजूस इम्रान प्रतापगढी 44, प्रफुल्ल पटेल 43, संजय राऊत 41. तिघांचे आधिक्य मिळून 626, आणि त्यांच्याच बाजूच्या पवारांची तूट 758. अपूर्णांक सोडण्याच्या नियमाने दोन्हीकडची आधिक्ये आणखी घटतात, म्हणजे 1440 आणि 564 होतात. तरी निष्कर्ष तोच. शेवटच्या पायलीत ओतावयास एकाकडे शीग होते, दुसऱ्याकडे नव्हते.

ज्यांना हेही जड वाटते त्यांच्यासाठी सोपे सांगतो. कोटा म्हणजे व्यवहारात 41 मते. एका बाजूच्या तिघांची मते 123, म्हणजे तीन वेळा 41, बरोबर. दुसऱ्या बाजूच्या चौघांना 164 हवी होती, मिळाली 161. मते कोणी कशी फिरविली, कोणता अपक्ष कोणाकडे गेला, याचे राजकारण जरूर करावे; पण 33 आणि 27 शेजारी ठेवून मोजणीलाच घोटाळा म्हणणे हे अंकगणिताशी वैर आहे.

उरलेले गैरसमज किरकोळ आहेत. विधान परिषदेचे आमदार येथे मत देत नाहीत. तो अधिकार विधानसभेच्या निर्वाचित सदस्यांचा. आमदाराच्या मताचे 175 हे मूल्य राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीतले, येथले नव्हे. उमेदवार त्याच राज्याचा रहिवासी असला पाहिजे ही अट संसदेने 2003 साली काढून टाकली, आणि ‘कुलदीप नय्यर’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2006 साली ती दुरुस्ती वैध ठरविली. उत्तर प्रदेशचे प्रतापगढी महाराष्ट्रातून गेले ते याच कायद्याने. मतदान गुप्त असते हा समजही जुना झाला: पक्षाच्या आमदाराने मतपत्रिका आपल्या पक्षाच्या अधिकृत प्रतिनिधीस दाखविलीच पाहिजे, आणि अपक्षाने ती कोणासही दाखविता कामा नये. ‘नोटा’ 2018 साली सर्वोच्च न्यायालयानेच येथून हटविला. आणि ‘आपल्या पनवेलचा राज्यसभेचा खासदार कोण’ या प्रश्नाला उत्तर नाही, कारण त्या सभागृहाला मतदारसंघ नसतात. पनवेल मावळात मोडते ते लोकसभेपुरते, राज्यसभेत महाराष्ट्राच्या 19 जागा साऱ्या राज्याच्या.

एवढ्यानेही ज्यांचे समाधान होत नसेल, त्यांनी उद्या तलावावर येताना कागद व पेन्सिल आणावी, आणि 48, 48, 44, 43, 41, 33 व 27 यांची बेरीज स्वहस्ते करावी. ती 284 भरते.