अन्येद्युष्क ज्वर, वानर आणि अरण्यातील मशक

विषमज्वराचे संतत, सतत, अन्येद्युष्क, तृतीयक आणि चतुर्थक हे पाच प्रकार आपण सर्वांनी पहिल्या-दुसऱ्या वर्षातच पाठ केलेले असतात. हिवतापाच्या आधुनिक वर्णनाशी त्यांची सांगड घालताना तृतीयक म्हणजे व्हायव्हॅक्स आणि चतुर्थक म्हणजे मलेरी, असे समीकरण मांडण्याचा प्रघात आहे. अन्येद्युष्कापाशी मात्र ही मांडणी अडते. मनुष्याच्या ज्ञात चार हिवताप-परजीवींपैकी एकाचेही रक्तातील चक्र चोवीस तासांचे नाही. तीन जातींचे ते सुमारे 48 तासांचे, तर मलेरीचे 72 तासांचे आहे. ज्याचे चक्र बरोबर चोवीस तासांत पुरे होते, असा परजीवी मूळचा वानरांचा. त्याचे नाव प्लाझमोडियम नोलेसाय. गेल्या वीस-बावीस वर्षांत आग्नेय आशियात माणसाला होणाऱ्या हिवतापाच्या यादीत त्याने पाचवे स्थान मिळवले आहे, आणि त्याच्या सीमा नकाशावर आखण्याचे काम अद्याप चालू आहे.

अन्येद्युष्क म्हणजे नोलेसाय असे म्हणण्याचा आमचा हेतू नाही, हे आरंभीच स्पष्ट केलेले बरे. व्हायव्हॅक्सच्या दोन पिढ्या एकाआड एक दिवस परिपक्व झाल्या तरी रुग्णाला रोज ताप भरतो. चरकाचार्यांनी अन्येद्युष्काचा संबंध मेदोवह सिरांशी जोडला, सुश्रुताचार्यांनी तो मांसाशी जोडला. हा विचार दोष-दूष्यांच्या पातळीवरचा आहे, त्यावर परजीवीचे नाव चिकटवण्याची घाई कोणी करू नये.

या परजीवीच्या इतिहासाचे पहिले पान आपल्याच देशात लिहिले गेले. सिंगापूरहून कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय वैद्यक विद्यालयात आणलेल्या एका लांब शेपटीच्या माकडाच्या रक्तात तो प्रथम लक्षात आला. 1932 साली तेथील डॉ. नोल्स आणि डॉ. दासगुप्ता यांनी त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि माकडाचे रक्त टोचल्यास माणसालाही हा ताप येतो, हे दाखवून दिले. त्याच वर्षी सिंटन आणि मुलिगन यांनी नोल्स यांच्या नावावरून त्याचे नामकरण केले. पुढे काही काळ मेंदूच्या उपदंशावर ज्वर उत्पन्न करून उपचार करण्यासाठी युरोपात त्याचा उपयोगही झाला. तरीही निसर्गात, डासाच्या दंशाने, तो माणसात येतो की नाही, हा प्रश्न तीस वर्षे अनुत्तरित राहिला.

उत्तर 1965 साली मिळाले. मलेशियाच्या पहांग प्रांतातील जंगलात रात्री काम करून परतलेल्या एका अमेरिकन गृहस्थाला ताप आला. सूक्ष्मदर्शकाखाली प्रथम फॅल्सिपॅरम वाटले, नंतर मलेरी वाटले. रक्त माकडाला टोचल्यावर खरा प्रकार उघड झाला. यानंतर मलेशियात 1117 व्यक्तींचे रक्त घेऊन माकडांना टोचण्यात आले, परंतु एकाही माकडास बाधा झाली नाही. 1970 मध्ये हा निष्कर्ष आला आणि हा रोग माणसात क्वचितच होतो, अशी सर्वांची समजूत झाली. ती पुढे तीन दशकांहून अधिक काळ टिकली.

ती मोडली सारावाकमधील कापित येथे. तेथे 'मलेरी'चे रुग्ण फार येत होते आणि त्यांचे वर्तन मलेरीसारखे नव्हते. रक्तात परजीवी पुष्कळ, ताप रोजचा, आणि बहुतेक रुग्ण प्रौढ व जंगलाशी संबंध असलेले. प्रा. बलबीर सिंग, जॅनेट कॉक्स-सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पीसीआर पद्धतीने तपासणी केली. 208 रुग्णांपैकी 120 जणांत नोलेसाय सापडला. हा निष्कर्ष 2004 साली प्रसिद्ध झाला. काचपट्टी वाचणारे तंत्रज्ञ अकुशल होते असे नव्हे. या परजीवीची वाढलेली अवस्था तांबड्या पेशीत पट्ट्यासारखी दिसते आणि ती मलेरीपासून डोळ्यांनी वेगळी काढणे जवळजवळ अशक्य आहे. कोवळी अवस्था फॅल्सिपॅरमच्या अंगठीसारखी दिसते. रोग तेथे कितीतरी आधीपासून होता. त्याला नाव मात्र दुसऱ्याचे मिळत होते.

मग नकाशे काढण्याची निकड निर्माण झाली. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. माणसाच्या हिवतापाचा नकाशा रुग्णसंख्येवरून काढता येतो, परंतु नोलेसायचे खरे घर वानर आहे. लांब शेपटीची आणि डुकरासारख्या आखूड शेपटीची माकडे हा परजीवी बाळगून असतात आणि त्यांना त्याचा फारसा त्रास होत नाही. म्हणून एकावर एक असे तीन थर ठेवावे लागतात: वानर कोठे आहेत, योग्य डास कोठे आहेत आणि माणूस त्यांच्यामध्ये कोठे व केव्हा जातो. कॅथरिन मॉयझ व सहकाऱ्यांनी 2014 साली वानर-साठ्याची भौगोलिक मर्यादा मांडली. 2016 साली यजमान वानर व वाहक डास यांच्या संभाव्य वसतिस्थानांचे नकाशे आले. डास जेथे प्रत्यक्ष पकडले गेले त्या जागा, तेथील तापमान, पाऊस, वृक्षाच्छादन अशी माहिती संगणकास देऊन, न तपासलेल्या प्रदेशात ते असण्याची शक्यता किती, हे त्यातून काढतात. अशा नकाशावरील कोऱ्या भागाबद्दल वाचकाने फार सावध राहावे. कोरा भाग म्हणजे 'तेथे रोग नाही' असे नव्हे. पुष्कळदा 'तेथे कोणी पाहिले नाही' एवढाच त्याचा अर्थ असतो. कापित 2004 पूर्वी कोरेच होते.

आता डासांविषयी, कारण आमच्या मते या विषयाचा गाभा तेथेच आहे. हे सारे ॲनोफिलिसच्या ल्युकोस्फायरस गटातील, म्हणजे अरण्यवासी डास. प्रदेशागणिक जात बदलते. सारावाकमध्ये लॅटेन्स, सबाहमध्ये बालाबासेन्सिस, मलेशियाच्या मुख्य द्वीपकल्पावरील पहांगमध्ये क्रासेन्स, तर व्हिएतनामात डायरस. लॅटेन्स झाडांच्या शेंड्यावर वानरांना चावतो आणि जमिनीवर माणसालाही चावतो. वानराचा परजीवी माणसात आणण्यास याहून सोयीचा वाहक कोणता? उलट, किनाऱ्यावरील हॅकेरी या जातीत 1961 सालीच हा परजीवी सापडला होता, पण तो माणसाला सहसा चावत नाही, म्हणून माणसाच्या दृष्टीने त्याचे महत्त्व कमी. बालाबासेन्सिस सावलीतील लहान डबक्यांत, मळ्यातल्या वाहनांच्या चाकोऱ्यांत साचलेल्या पाण्यातही अंडी घालतो आणि घराबाहेर, संध्याकाळी सहा ते आठच्या सुमारास सर्वाधिक चावतो. मच्छरदाणी आणि घरातील फवारणी ही हिवताप नियंत्रणाची दोन प्रमुख शस्त्रे येथे पुरी पडत नाहीत, त्याचे कारण हेच. माणूस अंथरुणावर जाण्यापूर्वीच दंश होऊन गेलेला असतो.

सबाहच्या कुदात भागात संशोधकांनी ड्रोन उडवून जंगलतोडीची छायाचित्रे घेतली आणि ग्रामस्थांच्या अंगावर स्थान नोंदवणारी छोटी यंत्रे देऊन त्यांच्या हालचाली टिपल्या. ज्या गावांभोवती अलीकडच्या वर्षांत जंगल तुटले, तेथे रुग्ण अधिक आढळले. जंगल तुटते तेव्हा वानर नाहीसे होत नाहीत. ते मळ्यात, फळबागेत, घराच्या परसात येतात आणि डासही त्यांच्या मागोमाग येतात. मलेशियाने मानवी जातींचा हिवताप इतका आटोक्यात आणला की 2018 पासून त्याचा स्थानिक रुग्ण नोंदला जाईनासा झाला. त्याच 2018 साली नोलेसायचे चार हजारांहून अधिक रुग्ण तेथे झाले, मृत्यूही झाले. माणसांना औषध देऊन हा साठा आटत नाही, कारण साठा माणसांत नाही.

रुग्णपरीक्षेत आपण 'देश' विचारतो, तो पुष्कळदा उपचारापुरता. जांगल, आनूप, साधारण एवढे लिहून आपण पुढे जातो. वरील नकाशे पाहिल्यावर भूमिदेशाचा विचार किती बारकाईने करता येतो, हे जाणवते. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात मशकांचे पाच प्रकार दिले असून त्यांतील पार्वतीय मशकाचा दंश प्राणहर कीटांच्या तोडीचा मानला आहे. आमचे काही मित्र यावरून सुश्रुतांना हिवतापाचे डास ठाऊक होते असे व्याख्यानातून सांगतात. आम्हांस ते पटत नाही. मशकाचा प्रकार त्याच्या वसतिस्थानावरून ओळखावा, ही दृष्टी मात्र तेथे निश्चित आहे आणि तीच आज कामाची आहे.

आपल्याकडे काय स्थिती आहे? अंदमान-निकोबारमधील काही रक्तनमुन्यांत नोलेसायचे जनुकीय अंश आढळल्याचे 2013 साली प्रसिद्ध झाले. निकोबार बेटांवर लांब शेपटीच्या माकडाची उपजात आहे, त्यामुळे हे अनपेक्षित नव्हे. महाराष्ट्र-गोव्यात दिसणारे टोपी माकड वेगळ्या जातीचे आहे. ल्युकोस्फायरस गटातील एलेगन्स हा डास दक्षिणेकडील पश्चिम घाटात आहे आणि नीलगिरीत माकडांचे इतर हिवताप-परजीवी पूर्वीच नोंदले गेले आहेत. येथे आणखी एक घोटाळा टाळावा. सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यात 2016 पासून ज्याला 'माकडताप' म्हणतात, तो क्यासनूर अरण्य रोग होय. तो विषाणूचा, गोचिडीमुळे पसरणारा आहे. त्याचा हिवतापाशी काही संबंध नाही. औषधालयात कोणी 'माकडतापावर काय द्याल' असे विचारले, तर दोन्ही रोगांची सरमिसळ करून सल्ला देऊ नये.

महाराष्ट्रातील वैद्यापुढे हा रुग्ण आलाच, तर तो प्रवासी म्हणून येईल: मलेशिया वा बोर्निओला पर्यटनास गेलेला, तेथील मळ्यात, बांधकामावर, जहाजावर काम करून सुटीवर आलेला. त्याला थंडी वाजून रोज ताप येईल, डोके-अंग दुखेल आणि रक्तात प्लेटलेट कमी निघतील. धोका येथेच आहे. कापितमध्ये 107 रुग्णांचा बारकाईने अभ्यास झाला. जवळजवळ सर्वांच्या प्लेटलेट घटलेल्या होत्या. आपल्याकडे पावसाळ्यात प्लेटलेट घटल्या की डेंग्यू हा शब्द रुग्णच उच्चारतो आणि औषधालयातून पपईच्या पानांच्या गोळ्या घेऊन घरी जातो. त्या 107 जणांपैकी दोघे दगावले. चोवीस तासांत संख्या अनेक पटींनी वाढवणाऱ्या परजीवीपुढे दोन दिवसांची वाट पाहणे म्हणजे दोन पिढ्यांना मोकळीक देणे होय.

सुदर्शन चूर्ण, सप्तपर्ण, किराततिक्त यांवर आमची श्रद्धा कमी नाही. केंद्रीय परिषदेने विकसित केलेले आयुष-64 ही आपल्या परंपरेतील हिवतापविरोधी औषधयोजनाच आहे. परंतु यांपैकी कशानेही नोलेसाय आटोक्यात येतो, असा पुरावा आमच्या पाहण्यात नाही. येथे आर्टेमिसिनिनयुक्त संयुक्त औषधे लागतात आणि गंभीर अवस्थेत शिरेतून आर्टेसुनेट द्यावे लागते. ते औषधही मुळात एका वनस्पतीचे, चीनच्या जुन्या ग्रंथांच्या आधारे शोधलेले आहे, आणि त्यासाठी तू यूयू यांना 2015 चे नोबेल मिळाले. वनस्पतीचे असल्याने ते आपण आपल्या मनाने द्यावे, असा अर्थ कोणी काढू नये.

रुग्णास पाठवताना चिठ्ठीत कोणत्या देशात, कोणत्या प्रांतात, जंगलाजवळ किती दिवस राहिला आणि परत येऊन किती दिवस झाले, हे स्पष्ट लिहावे. शीघ्र तपासणी पट्टी नकारार्थी आली तरी समाधान मानू नये, कारण या जातीबाबत ती भरवशाची नाही. काचपट्टीचा आग्रह धरावा. पट्टीवर 'मलेरी' असा निर्वाळा आला, रुग्ण आग्नेय आशियातून आलेला असला आणि ताप चौथ्या दिवशी न येता रोज येत असला, तर त्या निर्वाळ्याखाली प्रश्नचिन्ह काढून रुग्णाला त्याच दिवशी रुग्णालयात दाखल करावे व पीसीआरसाठी रक्त राखून ठेवण्यास सांगावे.