तान्ह्या बाळाचे चोंदलेले नाक

पहिले काही महिने बाळ मुख्यतः नाकानेच श्वास घेते. त्यामुळे नाक चोंदले की ते स्तनाला तोंड लावते, दोन घोट घेते आणि रडत सोडून देते. बारामती-इंदापूर भागात ऊसतोडीच्या थंडीत पाचट जाळल्याचा धूर आणि पालातल्या चुलीचा धूर हा त्रास वाढवतात.

सर्वांत उपयोगी औषध साधे आहे: औषध दुकानात मिळणारे मिठाच्या पाण्याचे, म्हणजे सलाईनचे नाकाचे थेंब. दूध पाजण्याआधी प्रत्येक नाकपुडीत एक-दोन थेंब सोडावेत, मिनिटभर थांबावे आणि सुटलेला शेंबूड मऊ सुती कापडाने टिपावा. रबरी पिचकारी असल्यास ती आधी दाबून मग नाकपुडीच्या तोंडाशीच लावावी. दूध थोडे थोडे, पण वारंवार पाजावे.

शेक-शेगडीची धुरी मायेपोटीच दिली जाते, पण तिने नाक आणखी सुजते. नाकात तेल सोडल्यास ते फुफ्फुसात उतरू शकते. कापराची पुरचुंडी आणि कापूरयुक्त बाम तान्ह्या बाळापासून दूरच ठेवावेत.

छाती आत ओढली जाणे, ओठ निळसर होणे, दूध न पिणे किंवा दोन महिन्यांआतील बाळाला ताप अथवा मिनिटाला 60 वा अधिक श्वास असल्यास ताबडतोब दवाखाना गाठावा. रुग्णवाहिकेसाठी 108 क्रमांक आहे.